ट्रकमधून निघालेली बडगी

मंडळी, डोकं चालेनासं झालंय. तुम्हीच सांगा काय करू.

माझ्या दोन्ही भावांनी कोइमतूरला खानावळ घेतली, म्हणून आम्ही अकरा जण अमळनेर सोडून कायमचे इकडे आलो. सामानाचा ट्रक आज सकाळी पोहोचला. गाद्या, डबे, कपाटं उतरली आणि सगळ्यात शेवटी निघाली बडगी. भरिताची वांगी ठेचतात ना, ती होडीसारखी लाकडी. पण ही आमची नव्हे! आमची छोटीशी, हिच्यात अख्ख्या गल्लीचं भरीत मावतं.

आई म्हणे, वहिनीने भरली. वहिनी म्हणे, काकांनी. काका तर शपथ घ्यायलाच निघाले.

शेवटी अमळनेरच्या आमच्या शेजारीण अक्कांना फोन लावला. "अक्का, चुकून कोणाची तरी मोठी बडगी आमच्यासोबत आली. कोणाची हो?"

"माले काय माहीत? ती काय एकनी शे का? बठ्ठी गल्लीनी शे!"

खरंच की! ती सगळ्या गल्लीचीच; थंडीभर ती या घरातून त्या घरात फिरायची. शेवटचं भरीत आमच्याकडे झालं, म्हणून आमच्याकडेच राहिली असणार.

"मग परत पाठवून देऊ?"

अक्का म्हणाल्या, "कसाले? तुमीन गल्लीना नहीत का?"

मी फोन ठेवला.

आता ठेवली तर या थंडीत तिकडे भरीत कशात ठेचतील? आणि पाठवली, तर गल्लीतलं आमचं नाव आम्हीच खोडल्यासारखं नाही का होणार?

बडगी अजून दारातच आहे. आमच्या जागी तुम्ही असता तर आत घेतली असती?