पानथरी गेली, शहाणपणा राहिला

सव्वीस वर्षं मी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासतोय. त्यामुळे रक्तातलं आपल्याला सगळं कळतं, हा माझा ठाम समज. बायको याला दुखणं म्हणते, आणि यावर ऑपरेशन नाही असंही म्हणते.

लॅबमध्ये मला काविळ्या म्हणतात, कारण माझे डोळे लहानपणापासून पिवळे. तांबड्या पेशी मधे दबलेल्या, चपट्या असाव्या लागतात. माझ्या गोट्यांसारख्या गोल. पोटातल्या पानथरीच्या बारीक फटींतून त्यांना वाकून निघता येत नाही, मग ती त्यांना तिथेच मोडून टाकते आणि मोडलेल्या पेशींचा पिवळेपणा डोळ्यांत उतरतो. जिना चढलो की धाप लागायची. शेवटी सर्जन म्हणाले, "पानथरी काढून टाकू." मी त्यांनाच दहा मिनिटं पानथरीचं काम समजावून सांगितलं. बिचाऱ्यांनी ऐकून घेतलं.

हेच गोल रक्त मी लेकीला दिलंय. माझं नाक तिला नको होतं, ते तर मिळालंच, वर हे. वीस वर्षांची आहे, पण दोन जिने चढली की भिंतीला टेकते. तिचं ऑपरेशन माझ्यानंतर दोन महिन्यांनी ठरलं होतं आणि तिची अट एकच : "बाबा, आधी तुमचं कसं होतंय ते बघते." माझं काही बिनसलं तर पोरगी माघार घेईल आणि जन्मभर अशीच दमत राहील, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

ऑपरेशन झकास झालं. महिन्याभरात हिमोग्लोबिन नऊवरून तेरावर गेलं, डोळे पांढरे झाले. पेशी होत्या तशाच गोल, पण त्यांना मोडणारं कोणी उरलं नव्हतं. मी एका दमात जिना चढायचो आणि वरून लेकीला हाका मारायचो. शेजारी वैतागले.

घरी सोडताना सर्जननी एकच गोष्ट तीनदा बजावली होती : ताप आला की थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. पानथरी जंतूही अडवते. ती नसली की साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. मी हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगायचो.

पाचव्या आठवड्यात, दुपारी चारला, लॅबमध्येच मला हुडहुडी भरली. शहाण्या माणसाने टॅक्सी बोलावली असती. मी बोट टोचलं, स्लाइड रंगवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो. कितीतरी पेशींत एकेक गडद ठिपका! पेशी तयार होताना मागे राहिलेला केंद्रकाचा तुकडा. एरवी पानथरी तो वेचून काढते. पुस्तकातल्या चित्रासारखा हुबेहूब! मी इतका हरखलो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवला.

"छान आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमचे दात का वाजताहेत?"

"एसी," मी म्हणालो. एसी महिनाभर बिघडलेला होता.

लेकीला कळलं तर संपलंच, म्हणून घरी गुपचूप तापाची गोळी घेतली आणि दोन शर्ट घालून जेवायला बसलो. ती माझ्याकडे बघत राहिली. सकाळी बाथरूमच्या दारातच कोसळलो. बायकोने टॅक्सी आणली, आणि लेकीने मला खांद्याचा आधार देऊन चार मजले खाली उतरवलं. तिच्या छातीचा भाता माझ्या कानाशी चालला होता. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ताप कधीपासून?" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी सुई खुपसता खुपसता विचारलं.

"आत्ता सकाळीच—"

लेक समोर उभी होती.

"काल चारपासून," मी म्हणालो. "ही घाबरेल म्हणून दडवला."

"ऑपरेशनआधी लशी घेतल्या होत्यात म्हणून निभावलं बहुतेक," त्या म्हणाल्या. पुढे जे म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि सगळं खरं होतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. सर्जन फेरीला आले, तेव्हा मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

"तुझी तारीख पुढे ढकलायची का?" त्यांनी लेकीला विचारलं.

"नको," ती म्हणाली. "मला ताप आला तर मी सांगेन."