वाट न देणारे सर्जन

ऐंशीच्या दशकात मी इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टर होते. आमच्या वॉर्डात एक म्हातारे ऑस्ट्रेलियन सर्जन पेशंट म्हणून आले होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याच्या कैदेत असताना त्यांनी जंगलातल्या छावणीत आजारी सैनिकांवर उपचार केले होते. बोलायचे कमी, पण शेजारच्या बेडवरच्या गुजराती आजोबांच्या कपाळाला रोज हात लावून ताप बघायचे.

एका सकाळी आमचे वरिष्ठ डॉक्टर, कन्सल्टंट, म्हणाले, "बेड हवाय. आजोबांना घरी पाठवा."

"त्यांना अजून ताप आहे," मी म्हटलं. ते ऐकेनात. पोर्टर व्हीलचेअर घेऊन आला, तसे सर्जन काठी टेकत उठले आणि आजोबांच्या बेडसमोर वाट अडवून उभे राहिले.

"छावणीत तापातल्या माणसांना कामावर न्यायला बंदूकवाले यायचे, त्यांनाही मी वाट दिली नाही. तुमच्याकडे तर नुसती व्हीलचेअर आहे."

कन्सल्टंट लालबुंद झाले. शेवटी त्यांनी थर्मामीटर मागवला. ताप होताच. आजोबा राहिले.

मी सर्जनना धरून बेडवर बसवलं. त्यांचे पाय लटपटत होते.

"त्या छावणीत भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना! तेव्हाही पाय असेच लटपटत होते. लटपटत्या पायांवरही उभं राहता येतं, डॉक्टर."