दुसरी कॅसेट

मी बोईसरच्या कारखान्यात नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. किनाऱ्यावरच्या तिघा कोळी मित्रांनी बायकोला घाबरणाऱ्या नाखव्याचं एक विनोदी गाणं कॅसेटवर काढलं होतं. पालघरपासून तारापूरपर्यंत ते प्रत्येक लग्नात वाजायचं.

त्यांच्यातला मुख्य गाणारा मला एकदाच भेटला, तारापूरच्या एसटीत. मांडीवरच्या पिशवीत त्यांच्या दुसऱ्या कॅसेटचा गठ्ठा होता, दुकानदारांनी परत केलेला. बोलता बोलता त्याची बोटं पिशवीवर ठेका धरत होती. कंडक्टरनं आवाज ओळखला.

“अहो, ते नाखव्याचं गाणं म्हणा ना!”

“ते तुमाला पाठ हाय,” तो हसून म्हणाला. “आता नवीन ऐका.”

कारखान्यात लागलेला कोळी सुट्टीला होडीवर जातो आणि भरती सोडून घड्याळ बघत बसतो, असं ते गाणं होतं. दोन कडव्यांनंतर लोक खिडकीबाहेर बघू लागले. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं नाही.

पुढच्या बाकावरची मासळीवाली मात्र खदखदून हसली. “माज्या पोराचंच हाय रं हे!” म्हणाली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसू लागली.

त्याचा ठेका थांबला. त्यानं एक कॅसेट तिच्यापुढे धरली. “घे आये, तुलाच.”

“घरी वाजवायला मशीन नाय रं.”

कॅसेट त्यानं पिशवीत ठेवली, उठून तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तिचं गाव येईपर्यंत पुन्हा पहिल्यापासून, फक्त तिला ऐकू जाईल असं गात राहिला.