इस्त्रीवरची पुटकुळी

प्रयोगशाळेत सगळे तिला चक्रीताई म्हणायचे. इथे येण्याआधी बरीच वर्षं ती चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची, आणि भिंग घासायचं ते गोल गोल. इथलं काम नेमकं उलटं. काचेवरून मखमली कापड एकाच दिशेने, सरळ ओढायचं. मग वर ओतलेल्या द्रवाचे कण त्या रेघांवर कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत लागतात, दिव्याखाली थर पक्का होतो आणि तापला की रेघांच्या दिशेने आखडतो. पण जित्याची खोड ती. जरा मन दुसरीकडे गेलं की तिचा हात गोल फिरायचा आणि काच वाया जायची.

मन हल्ली दुसरीकडेच असायचं. नवरा शिंपी, हातात कसब असलेला. पण मधुमेहाने बोटं बधिर झाली, गरम-गार कळेना. एकदा नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीच्या पाठीवर तळहात टेकून बसला आणि करपल्याचा वास आला तेव्हा त्याला समजलं. इस्त्री माळ्यावर गेली. बिनइस्त्रीचं शिवण गिऱ्हाइकाच्या हाती देणार नाही म्हणून पाठोपाठ शिवणयंत्रही झाकलं गेलं.

"पाणी शिंपडून बघत जा की," ती म्हणायची.

"बघायची आठवण राहिली असती तर भाजलो असतो का?"

चांगला कामसू माणूस दिवसभर खिडकीशी बसलेला पाहून तिचा जीव तुटायचा.

एके दिवशी अशीच एक गोल घासलेली काच टाकण्यापूर्वी तिने सहज तापत्या पत्र्यावर ठेवली. थर गोलाकार आखडला आणि मधोमध बारीक फुगवटा वर आला. काचेत दिसणारा दिवा वेडावाकडा झाला. काच निवली तसा पुन्हा सरळ.

विभागाच्या मोठ्या बाई हसल्या. "गोल घासलं की असंच होतं, चक्रीताई. आपल्याला सरळ हवंय."

"मग ही मी घरी नेऊ?"

"न्या की. तशीही टाकूनच द्यायची आहे."

तिने माळ्यावरून इस्त्री काढली, ती काच तिच्या पाठीवर घट्ट चिकटवली, तापवून दाखवली. नवऱ्याने निरखून पाहिलं. "म्हणजे इस्त्रीला पुटकुळी आली म्हणायची," असं बोलून तो परत खिडकीशी जाऊन बसला. पुढे कित्येक दिवस इस्त्री टेबलावर पडून होती. तिनेही विषय काढला नाही. सांगून ऐकणारा असता तर लग्नानंतर लगेच सुधारला असता.

मग एका संध्याकाळी ती घरी आली, तर शिवणयंत्र उघडं. टेबलावर तिचा कामाचा पांढरा कोट, कॉलर कशी कडक. नवरा इस्त्रीसमोर हात मांडीवर ठेवून बसला होता.

"उचलून ठेवू?" तिने विचारलं.

"हात लावू नकोस. पुटकुळी बसायचीये अजून."

ती शेजारी टेकली. काचेतला दिवा हळूहळू सरळ झाला. तेव्हा त्याने स्वतः इस्त्री उचलली, वायर गुंडाळली आणि जागेवर ठेवली. तिला रडू आवरेना. डोळे पुसायला तिने कोट ओढला.

"त्याला पुसू नकोस," तो म्हणाला. "आत्ताच इस्त्री केलीये."