मोंतारवेलचं नाव

बावीस जानेवारीच्या सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हर्मीन बुइसू तळघरात बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. लेबल जुनंच होतं, तिच्या वडिलांनी छापून घेतलं होतं तसं: पांढरा कागद, काळी अक्षरं, वर ‘मोंतारवेल’ आणि खाली ‘बुइसू’. वरचा शब्द छापायला गढीच्या वकिलांनी मनाई केली होती. गावातल्या बाकीच्यांनी त्यावर कागदाची पट्टी डकवली होती. हर्मीनच्या तळघरात एकही पट्टी नव्हती.

गावाचं नाव मोंतारवेल. टेकडीवरच्या गढीचं नाव मोंतारवेल. गढीत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या उमरावांचं आडनाव तेच आणि उतारावर पिकणाऱ्या काळसर तांबड्या वाइनचंही तेच. त्यात आधी कोण, याबद्दल गावात कधी वाद नव्हता. पहिला उमराव घोड्यावर बसून आला तेव्हा त्याचं नाव दुसरंच काही होतं. गाव हाताखाली आलं, तसं त्याने गावाचं नाव लावलं. शेवटची म्हातारी उमरावीण वारल्यावर गढी बंद पडली, छपरावर झाडं उगवली. चार वर्षांपूर्वी पॅरिसच्या गोंत्रां लावेर्नने ती विकत घेतली. त्याच्या आजीकडून उमरावांशी लांबचं नातं निघालं आणि तो गोंत्रां द मोंतारवेल झाला. गावाला त्याचं काही वाटलं नाही. मग त्याने बाटलीवर हे नाव फक्त गढीचंच असेल असा दावा लावला, तेव्हा वाटलं.

हर्मीनचं वय अडुसष्ट. १९५६च्या फेब्रुवारीत थंडीने इथल्या वेली मुळापर्यंत मेल्या, त्याच वर्षी तिचा जन्म झाला. बापाने पाळण्यातल्या पोरीला शेताच्या बांधावर ठेवून पुन्हा लागवड केली, असं आई सांगायची. लग्न तिने याच गावात केलं, आणि मळा बापाच्या नावाचाच राहू दिला. नवरा आन्सेल्म नऊ वर्षांपूर्वी पिंपं धुताना कोसळला. तेव्हापासून छाटणी ती एकटी करते. मुलगी तुलूजला विमानाच्या कारखान्यात आहे. ती फोनवर म्हणाली होती, “आई, नावात काय आहे? दुसरं ठेव.”

“तुझं बदलू का आधी?” हर्मीनने विचारलं होतं.

सात वाजता शेजारचा एलुआ दलसोल पायऱ्या उतरून खाली आला. तो मळेकऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. एका कानाने बहिरा, दुसऱ्याने सोयीपुरता. आज संत विन्सेंटचा दिवस. मळेकऱ्यांच्या या संताची हातभर लाकडी मूर्ती वर्षभर एका घरी राहते आणि बावीस जानेवारीला पालखीतून पुढच्या घरी जाते. या वर्षी पाळी हर्मीनची होती.

“पुढच्या वर्षी घे ना संत,” एलुआ म्हणाला. “या वर्षी माझ्याकडे राहू दे.”

“का? तुझं पाप जास्त झालंय?”

“हर्मीन, थट्टा नको. गढीचा दरवाजा उघडणार आहे आज. पाहुणे आलेत, फोटोवाले आलेत. त्याला जुनी रीत करायचीय.”

जुनी रीत अशी: पालखी चर्चमधून निघते, गढीच्या दरवाजात थांबते. ज्याच्या घरी संत जायचा त्याची वाइन पेल्यात ओततात. गढीचा मालक ती पितो, वाइनचं नाव मोठ्याने घेतो आणि मग पालखी उचलतात. पेला रिकामा झाल्याशिवाय संत हलत नाही. म्हातारी गेल्यापासून दरवाजाच बंद होता, त्यामुळे पालखी सरळ पुढे जायची.

“मग करू दे की,” हर्मीन म्हणाली. “मी कुठे अडवलंय?”

“तुझी बाटली त्या लेबलाची. दरवाजात दाखवलीस तर कोर्टात खेचेल.”

“आधीच खेचलंय. उत्तरेला आणखी एक मोंतारवेल आहे, तिथे बीट पिकतं. माझी पार्सलं पोस्ट तिकडेच पाठवतं. त्यांच्या बिटालाही नोटीस दिलीय का, विचार त्याला.”

एलुआला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात लपवलं. “तुझं डोकं दगडाचं आहे.”

“तुझं पट्टीचं आहे. चिकटवलंस आणि मोकळा झालास.”

साडेदहाला पालखी निघाली. पुढे बँड, मागे गाव. गढीच्या कमानीत चौघांनी पालखी खाली ठेवली. गोंत्रां चांदीचा पेला घेऊन उभा होता: पन्नाशीचा, उंच, नव्या मखमली कोटात. हर्मीन पुढे झाली. तिने बाटली दोन्ही हातांत धरली, लेबल त्याच्याकडे करून.

“मादाम,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी गढीची बाटली आणलीय. तीच ओतू या. कुणाचाच अपमान नको.”

“संत गढीत येणार आहे का राहायला?”

“नाही.”

“मग वाइन माझी.”

“या गढीचं छप्पर मी दुरुस्त केलंय. पडीक उतारावर वेली मी लावल्यात. तुम्ही सगळे नुसते बघत होता.”

“छप्पर छान झालंय,” हर्मीन म्हणाली. “ते तुमचं आहे. नाव गावाचं आहे.”

तिने पेल्यात वाइन ओतली. गोंत्रांने पेला दगडी कट्ट्यावर ठेवला आणि तो आत निघून गेला.

बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पालखीचे चौघे एलुआकडे पाहू लागले. एलुआने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. “पेला भरलेला आहे,” तो म्हणाला. “संत थांबेल.”

मग गाव थांबलं. दुपारचं जेवण पंचायतीच्या हॉलमध्ये मांडलं होतं. ते उचलून कमानीत आणलं. पातेल्यातून कोबीचं सूप आलं, बदकाच्या मांसाचे डबे आले, पाव आला. कुणीतरी द्राक्षाच्या काड्यांची शेकोटी केली. पालखी बरोबर कमानीच्या मधोमध होती आणि गढीला गाडी जाण्याजोगा दुसरा रस्ता नाही. अडीच वाजता एक पाहुणा मोटार घेऊन आला आणि त्याने हॉर्न वाजवला.

“माझी साडेचारची गाडी आहे!”

“संताला सांगा, साहेब,” खांदेकऱ्यांपैकी एक म्हणाला. “आम्ही नुसते हमाल.”

हर्मीन पालखीशेजारी खुर्ची टाकून बसली होती. थंडीने तिच्या बोटांचे सांधे दुखत होते. दोन वेळा बायकांनी घरी जायला सांगितलं, दोन्ही वेळा तिने सूप मागितलं. मनात तिने हिशेब केला होता: खटला हरली तर लेबल जाईल, वकिलाचा खर्च वर येईल, कदाचित खालचा मळा विकावा लागेल. तो विचार तिने पूर्ण केला आणि बाजूला ठेवला.

सव्वातीनला गोंत्रां बाहेर आला. मागे तीन मोटारी सुरू होत्या. त्याने पेला उचलला, वाइनवर पडलेली राख बोटाने काढली आणि ती एका दमात पिऊन टाकली.

“चांगली आहे,” तो म्हणाला. ती चांगलीच होती.

“नाव?” हर्मीनने विचारलं.

त्याने पुटपुटल्यासारखं काही म्हटलं.

“मला ऐकू नाही आलं,” एलुआ म्हणाला आणि त्याने आपला चांगला कान पुढे केला.

“मोंतारवेल!” गोंत्रां ओरडला. “बुइसूंची मोंतारवेल! झालं?”

“झालं,” हर्मीन म्हणाली. “आभारी आहे.”

चौघांनी पालखी उचलली. मोटारी निघून गेल्या. त्या रात्री संत विन्सेंट हर्मीनच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारच्या फळीवर होता. एलुआ पोचवायला आला होता. जाताना त्याने विचारलं, “कोर्टात हे चालेल का?”

“वकील म्हणतो, नाही. रीत म्हणजे पुरावा नव्हे.”

“मग?”

“मग काय? पट्ट्या पाण्याने सुटतात, एलुआ. तुला सांगून ठेवते.”

सुनावणी मार्चमध्ये आहे. उद्या गुरुवार. गुरुवारी सकाळी आठला चर्चसमोर बाजार भरतो. डावीकडून दुसरं टेबल हर्मीन बुइसूचं, आणि टेबलावरच्या पाटीवर दोन शब्द असतात. दोन्ही वाचता येतात.