फुईसासूची भीती

अख्ख्या सुरतेत माझ्या फुईसासूइतकं भित्रं माणूस दुसरं नसेल. सासऱ्यांची ही धाकटी बहीण धुळ्याकडून इथं नवागामला येऊन वीस वर्षं झाली होती, तरी रस्ता ओलांडताना ती शेजारी उभ्या असलेल्या कुठल्याही अनोळखी बाईचा हात धरायची. रिक्षावाल्याला डुलकी लागेल या धास्तीनं वाटभर त्याच्या सगळ्या भावंडांची चौकशी करत राहायची. पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, आणि प्लेग येऊन गेल्यावर तर कोपऱ्यात उंदीर खुडबुडला तरी खाटेवर चढून बसायची.

अशा बाईला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी घरोघर फिरून गरोदर बायकांना आणि त्यांच्या घरच्यांना धोक्याच्या खुणा सांगायचं काम दिलं. सोबत चित्रांचा एक पुठ्ठा. त्यातलं रक्तस्रावाचं चित्र तिला बघवत नसे, म्हणून ती डोळे मिटूनच पुठ्ठा पुढे धरायची. एकदा तो उलटा धरला गेला आणि पाच बायका माना वाकड्या करून सुजलेले पाय बघत बसल्या. "हसा," ती म्हणाली, "पन याद ठेवा." तिच्या आवाजातला कंप ऐकून हसू विरलं. ही बाई सुनांना भेदरवते म्हणून गल्लीतल्या सासवा ती दिसली की दार लोटून घ्यायच्या.

मला आठवा महिना होता. नवरा पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामावर गेलेला. दुपारी डोकं ठणकायला लागलं, चेहरा सुजला, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. सासूबाईंनी लिंबूपाणी दिलं. "उन्हाळा शे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात फुईसासू आली आणि मला बघून दारातच थांबली.

"पोरी, तुनं डोकं दुखस का?"

मी मान हलवली.

"दवाखानामा न्यावं लागी. आतेच."

"तू घाबरट, सगळ्यांले घाबरावस," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही बाळंत व्हयनूत नही का?"

फुईसासू दारातून आत आली. "व्हयनूत, वहिनी. पन ज्या मरी गयात, त्या सांगाले कोठे येतस?"

मग सासूबाईंनीच माझी चप्पल पुढे सरकवली.

रिक्षात फुईसासू एक शब्द बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्यानं मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. रक्तदाब इतका चढला होता, की डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑपरेशन केलं. आणखी तासाभरात झटके आले असते, म्हणाल्या. मुलगी झाली, ओंजळीएवढी. तिला अंघोळ घालायची नाही, उराशी धरून ऊब द्यायची, हे फुईसासूनं सांगितलं आणि सासूबाईंनी निमूट ऐकलं.

पाचव्या दिवशी फुईसासू माझ्या खाटेशी बसली होती. आदल्या वर्षी मागच्या गल्लीतल्या एका सुनेचं असंच डोकं दुखत होतं, असं ती हळूच म्हणाली. "तिनी सासू मना आंगवर वसकनी. मी भ्याई गयू. पायऱ्या उतरी उनू." ती पोर दुसऱ्या दिवशी गेली. तिचं नाव फुईसासूनं मला कधीच सांगितलं नाही.

दीड महिन्यानं मी बाळाला घेऊन गॅलरीत उभी होते. समोरच्या चाळीच्या जिन्याशी फुईसासू दिसली. वरून कुणाची तरी सासू तिच्यावर मोठ्यानं ओरडत होती. फुईसासूनं दोनदा पायरीवर पाय ठेवून मागे घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि मग चढू लागली. मी हाक मारायला हवी होती, सोबत जायला हवं होतं. बाळ रडायला लागलं, आणि मी आत गेले. फुईसासू वारूनही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी तो जिना ती एकटीच चढली, एवढं मात्र अजून मनातून जात नाही.