आरसा नसलेला कॅमेरा घेऊन शेळगावला

गाडीत सगळ्यात शेवटी ठेवायची वस्तू मी यादीत पहिली लिहिते, म्हणजे ती राहत नाही. या वेळी पहिल्या ओळीवर कॅमेरा होता. शेळगावला माझ्या मामांची नात प्राजक्ता हिचा साखरपुडा होता, आणि तिने फोनवर एवढंच मागितलं होतं की पहिला फोटो आजोबांनी काढायचा. घरातल्या कार्याचा पहिला फोटो मामांच्या हातचा, ही आमच्याकडची रीत.

मामांचा इंदापुरात फोटो स्टुडिओ होता. डावा डोळा लहानपणीच गेलेला, त्यामुळे सगळा व्यवसाय त्यांनी उजव्या डोळ्यावर केला. आता त्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरच्या माणसाचा चेहरा मात्र पुसल्यासारखा. कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहणं जमेना, तेव्हा त्यांनी तो कपाटात ठेवला आणि प्राजक्ताला नाही म्हणून सांगितलं. तिची भिस्त आता माझ्या नव्या कॅमेऱ्यावर होती.

जुन्या कॅमेऱ्यात आतल्या आरशावरून आलेला खरा उजेड डोळ्याला दिसतो. नव्यात आरसाच नाही. डोळा लावायच्या जागी एक इवलासा पडदा असतो आणि त्यावर समोरचं चित्र उमटतं. ते उजळ करता येतं, मोठंही करता येतं. फक्त तो पडदा बॅटरी खातो. म्हणून फोटो झाला की लगेच बटण बंद करायची सवय मी लावून घेतली आहे.

सासवड, जेजुरी करत सकाळीच मोरगावला पोहोचले. दर्शन झालं. बाहेर चहा घेताना शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजींचा फोटो विचारून काढला. सुप्याच्या अभयारण्यात चिंकारा बुजू नयेत म्हणून कॅमेऱ्याचा आवाज घरूनच बंद केला होता. आजी ताठ उभ्याच राहिल्या.

"काढलास व्हय? वाजला न्हाय त्यो."

मी म्हटलं, हा वाजत नाही.

"मग पापनी कवा हलवायची आमी?" असं म्हणून त्या शेळ्यांमागे गेल्या.

सुप्याला वाट वाकडी केली. पिवळ्या गवतात दोन चिंकारा दिसले, पण फार लांब. फोटोत ते मातीच्या ढेकळांसारखे आले. बारामतीत पेढे घेतले. पुढे रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, गाणी लावलेली. एकामागे इतका वेळ अडकले की त्याची गाणी मला पाठ झाली.

शेळगावला मामींनी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या, रश्शातल्या वळ्या) केली होती. जेवणं झाल्यावर मी कॅमेरा मामांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर तोलून पाहिला.

"हलका हाय. ह्यात आरसा न्हाय म्हनं?"

"नाही मामा, आत पडदा आहे."

"म्हंजे टीव्हीच की."

प्राजक्ता हसली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कोपर छातीशी घट्ट धरलं. बराच वेळ ते तसेच उभे होते. मग कॅमेरा माझ्या हातात परत दिला, "बाहेरचा फोटूवाला बोलवा," एवढंच म्हणाले आणि डाळिंबाच्या बागेकडे निघून गेले. प्राजक्ता आत गेली. तिची समजूत काय घालावी, मला कळेना.

मामींना भांडी आवरू लागले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "जाता जाता मला म्हनले, पार अंधार दिसला. आदी धूर तरी दिसायचा."

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. पार अंधार दिसणं शक्यच नव्हतं. सुप्याला मी बटण बंद केलं होतं, आणि मामांना दिला तो कॅमेरा बंदच होता. त्यांच्या कॅमेऱ्याची खिडकी जन्मात कधी काळी पडली नव्हती. बॅटरी असो नसो, आरसा आपलं काम करायचा. काळोख दिसला तो आपल्याच डोळ्यात, असं त्यांनी धरलं. आणि या धंद्यातल्या माणसाने दुसरं काय धरावं?

मी कॅमेरा घेऊन बागेत गेले, मामी पदराला हात पुसत मागे आल्या. मामा बांधावर बसले होते. मी म्हटलं, "मामा, कॅमेरा बंद होता. ह्याचं बटण चालू केल्याशिवाय आत काहीच दिसत नाही. चूक माझी."

मी बटण चालू केलं, पडदा उजळ केला आणि चित्र मोठं करायची कळ त्यांच्या अंगठ्याखाली दिली. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर मामी उभ्या होत्या. अंगठा एकदा दाबला, पुन्हा दाबला. चित्र एवढं मोठं झालं असणार की मधल्या झिजलेल्या जागेच्या चारी बाजूंनी चेहरा उरला. कॅमेरा सावकाश सरकत राहिला, वाचताना ओळीवरून बोट सरकतं तसा.

"अगं," मामा म्हणाले, "नाकातली चमकी कवा बदललीस?"

"दिवाळीला."

"बोलली न्हाईस."

"तुमी बगाल म्हनून थांबले हुते."

मी डाळिंबाच्या झाडांकडे पाहत राहिले. तिथे माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ताची ओटी भरून झाल्यावर मामा पुढे आले. सगळ्यांना नीट उभं केलं. "हलू नगा," म्हणाले आणि कळ दाबली. आवाज आला नाही. मामांना वाटलं, कळ नीट बसली नाही. त्यांनी पुन्हा दाबली. मंडळी श्वास धरून उभी. "हलू नगा म्हनलं ना," मामा म्हणाले. नवरदेवाचे गाल थरथरू लागले आणि शेवटी प्राजक्ताला हसू आवरेना. तेवढ्यात मामांनी आणखी एकदा कळ दाबली. सुप्यासाठी बंद केलेला आवाज मी तसाच ठेवला होता, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. घरात लावला आहे तो हाच शेवटचा फोटो.

आवाज चालू करून दिला, तेव्हा मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता ह्यो. मान्साला कळाय नगं, श्वास कवा सोडायचा ते?"

परत निघताना सामान तपासलं. पहिल्या ओळीवरची वस्तू गाडीत नव्हती. ती ओळ मी स्वतःच खोडली. सुप्याला पुन्हा थांबले, आणि या वेळी एक चिंकारा रस्त्याच्या अगदी कडेला आला. माझा हात सवयीने गळ्यात नसलेल्या पट्ट्याकडे गेला. मग तो खाली घेतला आणि हरीण जाईपर्यंत पाहत उभी राहिले.

नंतर मामींचा फोन आला. तक्रार होती. बॅटरी रोज संपते, कॅमेरा बिघडलाय का? मी विचारलं, मामा खूप फोटो काढतात का?

"कुठं काय. सकाळी मला अंगनात हुबी करत्यात, अन् नुसतं बगत बसत्यात."

मी पुढच्या खेपेची यादी काढली आणि पहिल्या ओळीवर लिहिलं: जादा बॅटरी.